चवदार तळ्याच्या निकालातून शिकलेलं

इकडच्या तुडील गावाकडचा माणूस माझ्याकडे येतो तो बहुधा वाटेचं, विहिरीचं नाहीतर बांधाचं भांडण घेऊन. महाडच्या कोर्टात वकिली करताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते इथल्याच चवदार तळ्याच्या दाव्याने: नरहरी दामोदर वैद्य व इतर विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. दाखल डिसेंबर १९२७, उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७.

१. ‘पूर्वापार’ सिद्ध करावं लागतं.
अशील सातबारा टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “वकीलसाहेब, ही वाट आमच्या आज्यापासूनची.” मी विचारतो, आज्याच्या आधी? इथे गडी गप्प होतो. चवदार तळ्याच्या दाव्यातले सवर्ण वादीही इथेच अडकले. तळं खासगी असल्याचं त्यांचं म्हणणं टिकलं नाही. ते नगरपालिकेचं ठरलं. उरली रूढी: अस्पृश्यांनी तिथलं पाणी घ्यायचं नाही, ही म्हणे अनादी काळापासूनची चाल. महाडला १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, ठाण्याला १९३३ मध्ये अपील. शेवटी उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनीही वादींना परत पाठवलं. चाल बऱ्याच वर्षांची असेल, पण अनादी असल्याचा पुरावा नाही. (हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच.)

२. ठरावाची नक्कल जोडावी, पण नुसत्या ठरावावर विसंबू नये.
सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सदस्य बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. अस्पृश्यांचा तळ्याला प्रत्यक्ष हात लागला २० मार्च १९२७ ला, आणि त्यानंतरही त्यांना मारहाण झालीच.

३. मनाई हुकूम चुकीचा वाटला तरी पाळावा.
२५ डिसेंबर १९२७ ला तळ्याच्या सत्याग्रहासाठी महाडला परिषद भरायची होती आणि ऐन तोंडावर कोर्टाची तात्पुरती मनाई आली. हजारो लोक तळ्यावर जायच्या तयारीने आलेले. स्वतः बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं आणि लढाई कोर्टात नेली. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली. कुंपण उपटायला निघालेल्या अशिलाला मी हे आवर्जून सांगतो. निम्मे ऐकतात.

४. खाली मांडलं नाही ते वर मागता येत नाही.
उच्च न्यायालयाने अस्पृश्यताच बेकायदा ठरवली, असं महाडात अनेकजण सांगतात. तसं झालं नाही. अशी रूढी मुळात वाजवी आहे का, सार्वजनिक धोरणात बसते का, हा माझ्या मते खरा प्रश्न. पण खालच्या कोर्टांत तो रीतसर मांडलाच नव्हता, आणि रूढीच सिद्ध न झाल्याने न्यायमूर्तींना त्यावर बोलायची गरज उरली नाही. त्याचं उत्तर पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात आलं. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट नावानिशी आहेत. म्हणून माझ्या कैफियतीत दोन्ही ओळी असतात: अशी रूढी नाही; आणि असलीच तर ती अवाजवी व सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. ज्युनिअर दुसरी ओळ खोडतात, मी ती परत लिहायला लावतो.