कोल्ड रूमची पाण्याची नळी का गोठते?

आपल्या बांधवांपैकी पुष्कळ जण मासळी, मटण व चिकनच्या घाऊक व्यापारात आहेत, आणि तितकेच जण फ्रिज-एसीच्या दुरुस्तीवर आपला संसार चालवतात. या दोघांनाही सारखाच त्रास देणारा एक बिघाड आहे. तो दिसायला अगदी क्षुल्लक, पण नुकसान मात्र मोठे करतो. कोल्ड रूमच्या कॉइलखालचा पाण्याचा पाइप गोठतो, पाणी तुंबते, कॉइल बर्फाने भरते आणि आतला माल नरम पडू लागतो. मालक म्हणतो, गॅस संपला. घाईतला कारागीर गॅस भरून देतो आणि आठ दिवसांत पुन्हा तीच तक्रार येते. पैसा मालकाचा जातो आणि नाव कारागिराचे खराब होते.

म्हणून प्रथम हे पाणी येते कोठून, ते समजून घेऊ. पावसाळ्यातली मासेमारी बंदी संपून ऑगस्टमध्ये कोकणच्या बंदरांवर माल उतरू लागतो, तेव्हा हवा अतिशय दमट असते. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. उणे १८ अंशांवर तीच हवा जेमतेम १ ग्रॅम पाणी धरू शकते. बाकीचे २३ ग्रॅम आतच राहते व मुख्यतः कॉइलवर हिम होऊन बसते. १० फूट लांब, १० फूट रुंद व ८ फूट उंच खोलीत सुमारे साडेबावीस घनमीटर हवा मावते. म्हणजे ही हवा एकदा पूर्ण बदलली, की अर्धा लिटर पाणी आत आले. माल भरण्याच्या गडबडीत दिवसातून दहा वेळा हवा बदलली, तर पाच लिटर झाले.

डिफ्रॉस्टच्या वेळी हे हिम वितळून ट्रेमध्ये उतरते. तेथून बाहेर पडेपर्यंत त्याला उणे १८ अंशांच्या खोलीतून जायचे असते. पाणी वाहते राहिले तर निसटते. रेंगाळले तर गोठते. सगळ्या उपायांचे सार एवढेच, की पाण्याला थंडीत थांबू द्यायचे नाही.

पहिला उपाय उताराचा. पाइप शक्य तितका आखूड ठेवून जवळच्या भिंतीतून बाहेर काढावा. उतार मीटरला किमान दोन सेंटिमीटर असावा, जास्त मिळाला तर उत्तम. पाइपचा व्यास ट्रेच्या तोंडापेक्षा कमी नसावा. मध्ये झोळ पडू नये म्हणून क्लॅम्प जवळजवळ मारावेत. ट्रेही तोंडाच्या बाजूला कललेला आहे की नाही, हे लेव्हल लावून पाहावे.

दुसरा उपाय हीटरचा. गोठवणाऱ्या खोलीत पाइपला हीटरची वायर लागतेच. मीटरला साधारण ४० ते ६५ वॅट पुरतात. खोली जितकी थंड तितके वॅट जास्त. वायर ट्रेच्या तोंडापासून भिंतीच्या बाहेरपर्यंत सलग असावी आणि त्यावर इन्सुलेशन घालावे. तीन मीटर पाइपला ५० वॅटच्या हिशेबाने दिवसाला ३.६ युनिट वीज लागते. हा खर्च वाचवण्यासाठी काही मालक हीटर काढून टाकतात. तसे करू नये. पाइप आखूड केला तर हा खर्च आपोआप उतरतो. ओल्या जागेचे काम असल्याने अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा स्विच हवाच.

तिसरा उपाय यू-बेंडचा, आणि चूक नेमकी येथेच होते. यू-बेंडमध्ये पाणी साठून राहते, म्हणून तो खोलीच्या आत बसवला तर गोठणारच. तो नेहमी बाहेर, उबदार जागी असावा. पण तो नसेल तर पंख्याच्या ओढीने बाहेरची दमट हवा पाइपातून आत शिरते व तोंडाशीच बर्फ धरते. दोन कॉइल असतील तर दोघांना वेगवेगळा यू-बेंड द्यावा. पाइपाचे टोक गटाराला थेट जोडू नये. मध्ये मोकळी जागा सोडावी, म्हणजे घाण खाण्याच्या मालापर्यंत पोहोचणार नाही.

दार नीट बंद होणे हाही उपायच आहे. दाराचे फाटलेले रबर बदलावे, पट्ट्यांचा पडदा लावावा. आत कमी वाफ आली, तर पाणीही कमी.

आता निदान. बर्फ ट्रेपासून वर चढत गेला असेल तर दोष पाण्याच्या वाटेत आहे. सगळी कॉइल सारखी भरली असेल तर डिफ्रॉस्टचा हीटर किंवा टायमर तपासावा. कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर हिम व बाकीची कोरडी असेल, तेव्हा गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा. हे न पाहता सिलिंडर जोडणे इमानदारीचे काम नव्हे.

गोठलेला पाइप मोकळा करताना प्रथम माल दुसरीकडे हलवावा, वीज बंद करावी व कोमट पाणी सोडावे. स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ टोचू नये. कॉइलला भोक पडले तर शंभराचे काम हजारांवर जाते. ज्योतही लावू नये. शेवटी ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओतावे. ते बाहेर न अडखळता आले, तरच काम पुरे समजावे.

थंड मुलुखात कामाला जाणाऱ्या कारागिरांना हाच प्रश्न खिडकीतल्या हवा खेळवणाऱ्या यंत्रात भेटतो. ही यंत्रे बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची ऊब आत येणाऱ्या गार हवेला देतात. २० अंश व ५० टक्के आर्द्रतेची हवा ९ अंशांच्या आसपास आली, की तिच्यातले पाणी सुटू लागते. आणि बाहेर शून्याखाली असेल, तर ते नळीतच गोठते. तेथेही उपाय तेच : भरपूर उतार, नळी शक्य तितकी उबेत, आणि हिम धरू लागल्यास आत येणारी गार हवा थोडा वेळ थांबवणे.

दुसऱ्याच्या लाखोंच्या मालाची राखण आपल्या हातच्या एका नळीवर असते. कारागीर बंधूंनो, ती नळी बसवताना पाच मिनिटे जास्त द्या. गिऱ्हाईक तुम्हाला पुन्हा बोलावेल, पण तक्रारीसाठी नव्हे, नव्या कामासाठी.