ओढ्याला जाणारे खत रानातच अडवा
(पंचगंगा खोऱ्यातील ऊस उत्पादकांसाठी)



कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीपासून पुढे वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. हा सारा पट्टा उसाचा. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे घातले जातात, पाणी थांबते आणि त्यावर केंदाळ पसरते. शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी हे नदीच्या दुखण्याचे मोठे कारण आहे, यात वाद नाही. 2012 साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ आपल्या स्मरणात असेलच. ती साथ काही खतामुळे येत नाही. परंतु केंदाळाला जे नत्र व स्फुरद लागते, त्यातील काही वाटा आपल्या रानातून जातो आणि तो आपण पैसे मोजून विकत आणलेला असतो.

ही दोन अन्नद्रव्ये रानातून वेगवेगळ्या वाटेने जातात, म्हणून उपायही वेगळे आहेत.

नत्र पाण्याबरोबर जाते. युरिया जमिनीत पडल्यावर काही दिवसांत त्याचे नायट्रेट होते. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत. पाणी जास्त झाले की ते मुळांच्या खाली उतरते व विहिरीत किंवा ओढ्यात जाते. क्षारपड रानात घातलेल्या निचरा पाइपांतूनही हेच पाणी बाहेर पडते. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे 45 किलोची सुमारे 19 पोती युरिया. ती चार हप्त्यांत द्यावयाची असते : लावणीच्या वेळी 10 टक्के, 6 ते 8 आठवड्यांनी 40, 12 ते 16 आठवड्यांनी 10 आणि मोठ्या भरणीला 40 टक्के. खरी अडचण दुसऱ्या हप्त्याची आहे. जुलैची लावण असेल तर हा 40 टक्क्यांचा हप्ता नेमका ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात येतो. साचलेल्या पाण्यात युरिया फेकणे म्हणजे तो ओढ्याला देणे होय. वाफसा येण्याची वाट पाहावी, हप्ता दोन वेळा विभागून द्यावा व खत मातीआड करावे. चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

आणखी एक हिशेब पाहा. विहिरीच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्यात सुमारे 10 मिलिग्रॅम नत्र असते. 8 सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी 8 लाख लिटर पाणी, अर्थात 8 किलो नत्र. अशा आठ पाळ्यांतून युरियाची तीन पोती फुकट मिळतात. पाणी तपासून घेतल्यास तेवढे खत कमी करता येईल. मात्र 45 मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मुळीच मिसळू नये. अशा पाण्यामुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व बाळ निळे पडते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते.

स्फुरदाचे तसे नाही. ते मातीच्या कणांना चिकटते व वाहत्या गाळाबरोबर जाते. म्हणजे माती थांबली की स्फुरद थांबले. अलीकडे ओढ्याची दरड तासून अगदी काठापर्यंत सरी ओढण्याची चढाओढ दिसते. त्यातून दोन-चार सऱ्या वाढतात, पण पुढच्या पुरात दरड ढासळून त्याहून अधिक जमीन जाते. काठाला किमान दहा फूट पट्टा मोकळा सोडून त्यात मारवेल किंवा वाळा लावावा. मारवेल जनावरांना उपयोगी पडते, तर वाळ्याची खोल मुळे दरड धरून ठेवतात. सऱ्या थेट ओढ्यात सोडू नयेत. खोडव्यातील पाचट न जाळता सरीत ठेवावे, त्यामुळे पावसाच्या थेंबांनी माती सुटत नाही.

गोठ्याचे मूत-पाणी ओढ्याला न सोडता खड्ड्यात घ्यावे. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये, धुवण रानातच टाकावे.

केंदाळ फुलावर येण्यापूर्वी काढून शेणाबरोबर कुजविल्यास चांगले खत होते. कारखान्याचे पाणी मिसळणाऱ्या नाल्यातील केंदाळ मात्र यासाठी घेऊ नये, कारण ते जड धातू शोषून घेते.

एकट्याच्या रानाने ओढा सुधारत नाही. एका ओढ्यावरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून वरच्या अंगापासून सुरुवात करावी. मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास, ओढा आपल्या शिवारात शिरतो तेथे व बाहेर पडतो तेथे, स्वच्छ बाटल्यांत नमुने घ्यावेत. बाटलीवर जागा व तारीख लिहून ती थंड ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावी. दोन्ही नमुन्यांतील नायट्रेटची तुलना केली म्हणजे आपल्या शिवाराने पाण्यात किती भर घातली, ते दिसून येईल.