आधी रॉड, मग डंबेल

१. चेस्टच्या दिवशी ताजा दम रॉडला द्यावा. कारण हिशोबाचं आहे. ऑलिम्पिक रॉड रिकामाच २० किलोचा असतो, आणि दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या चकत्या घातल्या की वजन फक्त अडीच किलोनं वाढतं. बऱ्याच जिममधले डंबेल एका हाताला अडीच किलोच्या टप्प्यानं चढतात, म्हणजे दोन्ही हात मिळून एकदम पाच किलो. म्हणून ताकद वाढतेय की नाही, ते मी रॉडवरच मोजतो. पाच-सहा रेप्सचे चार सेट, वहीत नोंद करून.

२. रॉडवर ८० किलो उचलणाऱ्याला प्रत्येक हातात ४० चा डंबेल झेपेल असं वाटतं. झेपत नाही. नॉर्वेत २०११ मध्ये झालेल्या एका अभ्यासात डंबेलवरचं कमाल वजन रॉडपेक्षा साधारण १७ टक्क्यांनी कमी भरलं होतं. म्हणजे ८० ची कमाल असलेल्याचे दोन डंबेल मिळून ६६ च्या आसपास. तेही ताज्या दमात. रॉडचे सेट मारून झाल्यावर आणखी खाली या. त्याच अभ्यासात छातीच्या स्नायूचं काम मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच दिसलं, डंबेलवर ट्रायसेप्सचं तेवढं कमी होतं. हे कळलं की रॅकमधून हलका डंबेल उचलताना कमीपणा वाटत नाही.

३. कमजोर हात डंबेलवर उघडा पडतो. रॉड एकसंध असल्यानं उजवा हात डाव्याचं थोडं काम गुपचूप ओढून नेतो. डंबेलवर तशी सोय नाही: नववा रेप येतो, उजवा सरळ वर जातो, डावा अर्ध्यावर थरथरतो, मनगट मागं कलतं. सेट तिथंच संपवायचा. उजव्यानं एकट्यानं आणखी दोन मारणं म्हणजे फरक वाढवणं. डावा ठरवेल तेवढेच रेप्स, हा नियम काही महिने पाळला की रॉडही सरळ वर जायला लागतो. या एका कारणासाठी तरी डंबेल कुणी सोडू नयेत.

४. दोन्हीकडे एकच कोन नको. रॉड फ्लॅट बेंचवर मारला असेल तर डंबेल इनक्लाइनवर घ्या. गळपट्टीच्या हाडापासून निघणारे छातीचे वरचे तंतू तिथं जास्त राबतात. बेंच ३० अंशांच्या आसपास ठेवावा. ४५ च्या वर गेला की खांदाच जास्त काम करू लागतो. कोपरंही अंगाशी काटकोनात पसरू नयेत, थोडी आत असावीत. आठ ते बारा रेप्सचे तीन सेट पुरतात.

५. जड डंबेल वर घेणं ही वेगळी कला आहे. बेंचच्या टोकावर बसा, दोन्ही डंबेल मांड्यांवर उभे ठेवा, आणि मागं झोपताना एकेक गुडघ्यानं ढकलत खांद्यापर्यंत आणा. सेट संपला की गुडघे वर घेऊन डंबेल पुन्हा मांड्यांवर, आणि त्यांच्याच वजनानं उठून बसा. बाजूला हात फेकून डंबेल टाकणारी पोरं दिसली की मी आवर्जून थांबवतो. थकलेला खांदा त्याच झटक्यात दुखावतो.

६. फ्लाय शेवटी आणि हलके. ज्याला नको असतील त्यानं तालमीतले जोर मारावेत, छाती तेवढीच भरते.

७. सपोर्ट द्यायला कुणी नसेल आणि रॅकला सेफ्टीच्या दांड्याही नसतील, तर जड रॉडखाली झोपू नका. त्या दिवशी डंबेलच मुख्य व्यायाम करा. दम संपला तर ते सावकाश खाली उतरवता येतात, छातीवर अडकून पडत नाहीत. सोमवारी संध्याकाळी, अख्खी जिम चेस्ट मारत असते तेव्हाही हेच करावं. बेंचसाठी रांगेत अंग थंड पडू देण्यापेक्षा डंबेल घेऊन सुरुवात करा आणि रॉडचे जड सेट गुरुवारी मारा.