पाच वाजेपर्यंत

माझ्या कपाटात दोनशे पानी तीन वह्या आहेत. तीन वर्षं, एखाददुसरा दिवस सोडला तर रोज रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांत इंग्रजीतून दिवसभराचं लिहीत गेलो. इंग्रजी सुधारायला काय करू असं कुणी विचारलं की मी छाती काढून सांगायचो, ‘रोज लिही, घरातलं-दारातलं काहीही लिही.’ अजूनही तेच सांगतो, पण आता त्याच्यापुढे बरंच काही जोडतो. ते जोडायला मी एक मोटर जळाल्यावर शिकलो.

मी उत्रोलीचा. बाजार, दवाखाना, पुढची शाळा, सगळं भोरला. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आम्ही त्याआधीचे, आम्हाला एबीसीडी भेटली पाचवीत. दहावीला तीन-चार निबंध पाठ केले आणि तेवढ्या शिदोरीवर पासही झालो. मग आयटीआय. गावात एमआयडीसी येणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, पण काम मिळालं ते नीरा ओलांडून, सातारा जिल्ह्यात, शिरवळच्या बाजूला. एका कारखान्यात युटिलिटीला आहे. म्हणजे पंप, कूलिंग टॉवर, सांडपाण्याचा प्लँट, असली कुणाला न दिसणारी कामं.

खाली मशिनपाशी मराठीवर भागतं. अडतं ते लॉगबुकापाशी. शिफ्ट संपताना पुढच्याला काय सांगायचं ते इंग्रजीत लिहावं लागतं, कारण पुढचा माणूस उत्तरेचा असेल, दक्षिणेचा असेल. त्या चार ओळींची लाज वाटायची, म्हणून वही सुरू केली.

पहिल्याच पानावर काय आहे? ‘द मॉर्निंग वॉज व्हेरी प्लेझंट. बर्ड्स वेअर सिंगिंग अँड अ कूल ब्रीझ वॉज ब्लोइंग.’ त्या सकाळी खरं तर म्हशीनं लाथ मारून धारेची बादली उपडी केली होती, आईनं तिला आणि मला एकाच दमात झापलं होतं आणि माझी फर्स्ट शिफ्ट हुकता हुकता राहिली होती. यातलं एक अक्षर वहीत नाही. धार काढणं, दावं, पान्हा चोरणं याला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नव्हतं. पक्ष्यांचं गाणं मात्र निबंधातून पाठ होतं. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटल्याचं शाळेत ऐकलं होतं. आमच्या दारात बांधलेल्या म्हशीवर आपल्याला इंग्रजीत चार ओळी लिहिता येत नाहीत, हे मात्र तीन वह्या भरेपर्यंत ध्यानात आलं नाही.

वहीतला मी रोज मॉर्निंग वॉकला जातो, ब्रेकफास्ट करतो, मित्रांशी देशाच्या प्रगतीवर चर्चा करतो. खरा मी भाकरी-कालवण पोटात ढकलून मोटारसायकलला किक मारत असतो. पानं भरत होती, हात वळत होता, आणि मला वाटत होतं इंग्रजी येतंय.

आता मोटरचं सांगतो.

त्या दिवशी मला फर्स्ट शिफ्ट होती, सात ते तीन. खड्ड्यातल्या एका लाइनचं गॅस्केट गळत होतं. फिटर लोकांनी जोड उघडला आणि पाच वाजेपर्यंत होईल म्हणाले. तोवर ट्रान्सफर पंप चालवायचा नव्हता. निघताना मी लॉगबुकात लिहिलं, ‘कीप ट्रान्सफर पंप ऑफ बाय फाइव्ह ओक्लॉक.’ माझ्या डोक्यात सरळ मराठी होतं: पाच वाजेपर्यंत पंप बंद ठेवा.

सेकंड शिफ्टचे इनचार्ज तमिळनाडूचे. मराठी अजिबात नाही, इंग्रजी मात्र चोख. त्यांनी जे लिहिलंय ते वाचलं: पाचपर्यंत पंप बंद झालेला असला पाहिजे, म्हणजे उशिरात उशिरा पाचला तो बंद करा. टाकी भरत आली होती, हाताशी वेळ होता, त्यांनी पंप लावला. उघड्या जोडातून पाणी खड्ड्यात उसळलं. फिटर नेमके चहाला वर आलेले, एवढंच नशीब. खड्ड्यातली मोटर बुडाली आणि गेली. पंपाच्या बटणाला ‘काम चालू’चा टॅग लावायचा असतो, तोही मी लावला नव्हता, ही माझी दुसरी चूक. मेमो मिळाला आणि तो मुकाट्यानं घेतला. भांडायला जागाच नव्हती. माझ्याच अक्षरातलं वाक्य समोर होतं.

आपल्या ‘पर्यंत’ची गंमत बघा. ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’ या दोन्हीला आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत त्याचे दोन होतात. उशिरात उशिरा पाचला एखादी गोष्ट होऊन जायची असेल तर ‘बाय’. पाच वाजेतो एखादी गोष्ट तशीच चालू राहायची असेल तर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. मराठीत हा फरक क्रियापद सांभाळतं, म्हणून तो कानाला कधी खटकत नाही.

मेमोच्या रात्री मी तिन्ही वह्या काढून बसलो. ‘आय स्लेप्ट बाय सिक्स ओक्लॉक.’ ‘वुई वेटेड फॉर एसटी बाय नाइन.’ ‘रेन वॉज देअर बाय इव्हनिंग.’ पेन्सिलीनं खुणा करत गेलो आणि साठाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. तीन वर्षं मी तीच चूक रोज गिरवली होती. दगडावर पाणी पडत राहिलं की घळ पडते, तशी ती हातात बसली होती. लिहिलं नसतं तर कदाचित त्या दिवशी लॉगबुकाशी अडखळलो असतो आणि कुणाला तरी विचारलं असतं. सवयीनं अडखळणंच गेलं होतं.

म्हणून रोज लिहिणाऱ्याला माझं पहिलं सांगणं: तुमची वही दुसऱ्या कुणाला तरी वाचू द्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, कारण वाचतानाही आपल्या कानात मराठीच वाजत असतं. शिक्षकच हवा असं नाही. मी कुणाकडे गेलो? त्याच इनचार्जांकडे. चहाच्या सुट्टीत वही पुढे केली आणि म्हटलं, सर, दुरुस्त करू नका, तुम्हाला काय कळलं तेवढं सांगा. आधी ते हसले, मग वाचायला लागले. ज्याला आपली भाषा येत नाही असा वाचक फार मोलाचा. मराठी माणूस आपलं मोडकं इंग्रजी मनातल्या मनात मराठीत जुळवून घेतो आणि ‘बरोबर आहे’ म्हणतो. सर जुळवून घेत नाहीत. कपाळाला आठी घालतात आणि विचारतात, ‘मीनिंग?’

याआधी एकदा तर मी त्यांना गेटवर उभं करून ठेवलं होतं. घरी निघताना मी म्हणालो, ‘ओके सर, आय विल कम.’ आपण ‘येतो’ म्हणतो तसं. ‘जातो’ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. ते बिचारे दहा मिनिटं मी परत यायची वाट बघत होते.

पुढे कळलं की आनंदीबाई जोशींचं इंग्रजी अशाच एका वाचकापाशी घडलं. १८८० मध्ये, पंधराव्या वर्षी, अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. नवरा गोपाळराव पोस्टात, सतत बदल्या. घर बदलत राहिलं, पत्रं चालू राहिली. बाईंनी ना आपला सण पाहिलेला ना स्वयंपाकघर, त्यामुळे आनंदीबाईंना साधी गोष्टही उलगडून सांगावी लागे. १८८३ मध्ये त्या अमेरिकेत उतरल्या तेव्हा जिला मावशी मानलं होतं तिला पहिल्यांदाच बघत होत्या, पण तिच्याशी तीन वर्षं लिहून बोलून झालं होतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेल्या चरित्रात त्यांची पत्रं सापडतात. मला त्यातलं सगळं इंग्रजी झेपत नाही, पण इतकं दिसतं की पलीकडे ऐकणारं माणूस असलं की पक्ष्यांच्या गाण्यावर भागत नाही.

दुसरं सांगणं, लिहायचं ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि थोडं. मी आता सहा ओळींच्या पुढे जात नाही. आषाढात आमच्याकडे भातलावणी असते. त्यावर लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत गाडी रुतली. चिखलणीला काय म्हणायचं? आवण? इरलं? इरल्याला इंग्रजी शब्दच नसला तर? इथे मला मोल्सवर्थ उपयोगी पडला. त्याचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१चा, वाढवलेली आवृत्ती १८५७ची, आणि आता तो मोबाइलवर फुकट बघता येतो. आपल्या शेतातले, गोठ्यातले, बलुत्यांचे कितीतरी शब्द त्यात आहेत. इंग्रजीत जोडीचा शब्द नसला की तो साहेब अडून बसत नाही, वस्तू काय आहे, कशाची करतात, कशासाठी, ते सांगून मोकळा होतो. मग मीही इरल्याचं तसंच लिहिलं: पानांचं केलेलं, डोक्यापासून पाठीपर्यंत येणारं, वाकून लावणी करताना पाऊस अडवणारं. चिखलणीला ‘पडलिंग’ म्हणतात हे सरांनीच सांगितलं. ते तंजावरकडचे, त्यांच्याही घरी भात आहे. रोपाला त्यांच्याकडे ‘नाट्रु’ म्हणतात. त्या दिवशी चहा थंड झाला आणि मेमो मिळाल्यापासून आमच्यात जे अवघडलेपण होतं ते गेलं.

पद्धत म्हणाल तर साधीच. डाव्या पानावर लिहायचं, उजवं पान कोरं ठेवायचं. सर जिथे अडतात तिथे टिकली मारतात. तेच वाक्य मी उजवीकडे पुन्हा लिहितो. वहीच्या शेवटी फक्त माझ्या चुकांची यादी आहे. बहुतेकांचं मूळ मराठीतच निघतं. ‘मी काल सांगितलंय’ आपल्याला खुशाल चालतं, म्हणून मी ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ लिहितो; इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ चालत नाही. ‘आज सकाळी’चं मी ‘टुडे मॉर्निंग’ करतो, ते हवं ‘धिस मॉर्निंग’. आणि ‘माझ्या हातून कप फुटला’ हे तर इंग्रजीत नेताना फार जड जातं. आपल्याकडे कप फुटतो, आपण नुसते बाजूला उभे असतो. इंग्रजीत ‘आय ब्रोक द कप’ म्हणून पुढे यावं लागतं. मेमोच्या उत्तरात मी आधी ‘मिस्टेक वॉज हॅपन्ड फ्रॉम मी’ असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं आणि वर तीन शब्द लिहिले, ‘आय वॉज राँग.’ व्याकरणाच्या पुस्तकातून हे इतकं कळलं नसतं.

मोबाइलबद्दल एक. लिहायच्या आधी तो हातात घेऊ नका. मध्यंतरी महिनाभर मी मराठीत बोलायचो आणि तो इंग्रजी करून द्यायचा. वही देखणी झाली, सरांना एकही टिकली मारता येईना. आणि लॉगबुकापाशी उभा राहिलो की पेन हलेना. आता आधी माझं मोडकंतोडकं, मग सरांची टिकली, आणि त्यानंतरही अडलंच तर मोबाइल.

नवीन नोंद परवाची आहे. लावणीचं लिहिताना मी नुसतं ‘आफ्टर सम डेज वुई ट्रान्सप्लांट’ असं उरकलं होतं. सरांनी ‘सम’वर टिकली मारली: किती दिवसांनी? मला सांगता येईना. जन्मापासून लावणी बघतोय, दिवस कधी मोजले नव्हते. घरी येऊन आईला विचारलं. ती चुलीपुढून म्हणाली, ‘आरं, दिस कोण मोजतंय? रोप इतभर झालं की लावायचं.’

ईत म्हणजे वीत. मोल्सवर्थ उघडला, तिला ‘स्पॅन’ म्हणतात. उजव्या पानावर लिहिलं, ‘व्हेन द सीडलिंग इज अ स्पॅन हाय.’ सर या आठवड्यात नाइटला आहेत, अजून त्यांनी पाहिलेलं नाही.