प्रकाशक होण्याआधी हिशोब वाचा

आमचा पहिला गेम डिचोलीतल्या भाड्याच्या खोलीत तयार झाला. चित्रं पेडण्याच्या मुलाची. लहानपणापासून दशावतार बघत आलेला, त्यामुळे खलनायकाला संकासुराचा बाज त्यानेच दिला. बाहेरच्या एका प्रकाशकाने तो स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात काढला. गेम खपला, पण आमच्या खात्यात काही आलं नाही. प्रकाशकाने करार मोडला नव्हता. करारच तसा होता.

हिशोब असा मांडून बघा. विक्री २० लाखांची झाली. स्टीमचे ३० टक्के, म्हणजे ६ लाख, आधीच कापले जातात. उरलेल्या १४ लाखांतून प्रकाशक स्वतः दिलेली १० लाखांची उचल वसूल करतो. मग जाहिरात, भाषांतर, चाचणी. तो खर्च ४ लाख दाखवला, की शिल्लक शून्य. पहिल्या पानावरचा '५० टक्के वाटा' त्यानंतरच्या रुपयापासून सुरू होतो. खर्चाला कमाल मर्यादाच नसेल, तर तो रुपया येतच नाही.

आता आम्ही इतरांचे गेम काढतो. खर्चाची मर्यादा आम्ही आकड्यात लिहितो, दर तिमाहीला स्टीमचा मूळ अहवाल जसाच्या तसा पाठवतो. गेमची मालकी बनवणाऱ्याची, आणि मुदत संपली की विक्रीचे हक्कही त्याला परत.

स्टीमवर गेम चढवायला १०० डॉलर पुरतात, म्हणून प्रकाशकाचं काम सोपं वाटतं. तसं नाही. इंग्लंडच्या टीम१७ या कंपनीने १९९५ साली 'वर्म्स' बनवला आणि त्या मालिकेवर वर्षानुवर्षं तग धरला. इतरांचे गेम काढणं हा तिचा मोठा धंदा झाला तो २०१३ नंतर. दोघांनी बनवलेला 'ओव्हरकुक्ड' तिने २०१६ मध्ये काढला. स्वतःच्या गेमचा पैसा पाठीशी होता, म्हणून दुसऱ्याच्या गेमला वेळ देणं परवडलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओची 'राजी' २०२० मध्ये आली, तीही बाहेरच्या प्रकाशकाच्या हातून. आपल्याकडे बनवणारे आहेत. बाजारात नेणारे कमी, आणि म्हणूनच मला हे काम मोलाचं वाटतं.

स्वतःचे निदान दोन गेम स्वतः विकून बघा. परतावे कसे येतात, कर कुठे कापला जातो, विक्री कोणत्या आठवड्यात बसते, हे हाताखालून जाऊ द्या. मगच दुसऱ्या कुणाच्या मेहनतीला हात घाला. आणि पेडणे-डिचोलीतल्या पोरांनो, करार मोबाईलवर वाचून सही करू नका. छापून घ्या, वकिलाला दाखवा, आणि वसुलीचं कलम सर्वांत आधी वाचा.