चौदा इंची क्रॅश घेताना

जुन्या जॅझमधला क्रॅश, म्हणजे ड्रमसेटवरच्या झांजेचा झणत्कार, उसळतो आणि विझतो. स्टिकचा निसटता फटका कडेला बसला की पसरट, जरासा खरखरीत नाद उठतो आणि दोन-तीन मात्रांत ट्रम्पेटला जागा मोकळी करून देतो. जॅझवादक लिऑन ॲबीने १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला बँड आणला, त्या काळातला हा नाद. पुढे चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांनी तो सिनेसंगीतात नेला. सी. रामचंद्रांचे संगीत असलेला ‘अलबेला’ हा चित्रपट १९५१ चा. मराठी घरांतला ड्रमवाला या आवाजाच्या नादी लागतो तो बहुधा तिथूनच.

त्यासाठी चौदा ते सोळा इंचांची झांज लागते. पण नुसते माप पुरत नाही. लहान झांज जाड असली तर क्रॅश होत नाही, घंटा होते. चौदा इंची पातळ क्रॅशचे वजन साधारण साडेसहाशे ते आठशे ग्रॅम, सोळा इंचीचे किलोच्या आसपास. दुकानात व्यास सगळे विचारतात, वजन कोणी विचारत नाही. विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

प्रस्तुत लेखकाने मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून चौदा इंची ‘जुनी जॅझ क्रॅश’ फोटो पाहून मागवली. ती कोकणात केळशीला घरी पोचली. पहिल्याच फटक्याला ‘टण्ण’ झाले आणि तो टणत्कार पडवीभर रेंगाळत राहिला. चूक हाताची की स्टँडची, यात आठ दिवस गेले. शेवटी सुपारी मोजायच्या काट्यावर झांज ठेवली: एक किलो दोनशे वीस ग्रॅम. मग ती उलटी करून उन्हात धरली. आतल्या बाजूने काठालगत बोटभर रुंदीचे गुळगुळीत, चकचकीत वर्तुळ दिसले. दुसऱ्या झांजेवर वर्षानुवर्षे आपटल्याची ती खूण. आलेली वस्तू क्रॅश नव्हतीच, हाय-हॅटच्या जोडीतली खालची झांज होती. ती जाड असायचीच, कामच तिचे तसे.

पहिल्या फोनवर विक्रेत्याचे म्हणणे असे पडले की, ‘साहेब, जुनं आहे म्हणून जड. तेव्हा धातू भरपूर वापरायचे.’ हे उलटे आहे. त्या काळच्या क्रॅश बहुतेक पातळच असत. दुसऱ्या फोनला ‘कान तयार व्हायला वेळ लागतो’ असे उत्तर आले, तिसरा फोन उचललाच गेला नाही. कान तयार होता, काटा नव्हता.

तेव्हा वजन ग्रॅममध्ये लेखी मागावे, झांज काट्यावर असतानाचा फोटो मागावा आणि आतल्या बाजूचा वेगळा. मधले भोक गोल आहे का पाहावे. स्टँडवर प्लास्टिकची नळी न घालता वाजवलेल्या झांजेचे भोक लांबट होते, आणि तिथूनच तडा जाऊ शकतो. काठावरून नख फिरवले की केसाएवढी चीरही लागते. धातू ऐंशी टक्के तांबे आणि वीस टक्के कथील असा काशाचा असावा. पितळी झांज स्वस्त पडते, पण तिचा आवाज थाळीच्या वळणावर जातो. कथील आठच टक्के असेल तर नाद लखलखीत येतो, रॉकला चालतो. शक्य तर वाजवूनच घ्यावी, तीही हळू. जोरात कोणतीही झांज बरी वाटते. घाई करू नये, चार ठिकाणी विचारावे, हे आहेच.

घेतल्यानंतर वरचे पाखरू-नट आवळू नये, झांज डुलली पाहिजे. केळशीसारख्या खाऱ्या हवेत काशावर हिरवट डाग लवकर धरतो, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून पिशवीत ठेवावी. समईसारखी चिंचेने घासू नये. त्याने कंपनीचा छाप पुसला जातो, आणि पुढे विकायची झाली तर छाप पुसलेल्या झांजेला भाव येत नाही. लेखकाची मात्र छापासकट पडून आहे. तिची वरची जोडीदारीण त्या विक्रेत्याने कोणाला क्रॅश म्हणून दिली असेल, तर त्या माणसाचे नशीब थोडे बरे. वरची निदान पातळ असते.