पुतळ्याचा स्वर

मराठी संगीत नाटकात पात्रे संवाद बोलतात व मधूनमधून पदे गातात. ऑपेरात मात्र बहुतेक संवादही गाऊनच सादर होतात. अशाच एका ऐतिहासिक ऑपेराचा परिचय आपण करून घेऊ.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या रॉचेस्टर शहरात सुसान अँथनी यांनी १८७२ साली, स्त्रियांना मताधिकार नसताना, मतदान केले. त्यांना अटक झाली. पुढे १०० डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीही भरला नाही. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती झाली ती १९२० मध्ये.

हे जीवनकार्य ‘द मदर ऑफ अस ऑल’ या ऑपेराचा विषय झाले. संहिता गर्ट्रूड स्टाइन यांची, संगीत व्हर्जिल थॉमसन यांचे. ७ मे १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याचा पहिला प्रयोग झाला. तो पाहण्यास स्टाइन नव्हत्या. १९४६ मध्येच त्या निवर्तल्या होत्या.

अखेरच्या प्रवेशात सुसान यांचा पुतळा दिसतो व त्यांचा स्वर ऐकू येतो. लढा यशस्वी झाला. परंतु लढणारी तेथे नाही.

पाठगत प्रश्न : दंड न भरण्यातून सुसान यांचा कोणता विचार व्यक्त होतो? तुमच्या शब्दांत लिहा.